रेघेवरचा शब्द

प्रति,
विज्ञान विषय समितीचे सन्माननीय सदस्य,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, अर्थात आपली बालभारती, पुणे



मी माण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत बावीस वर्षं विज्ञान शिकवते आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर नवी पाठ्यपुस्तकं टप्प्याटप्प्यानं तयार होत आहेत. पुस्तक एकदा छापून आलं की पुढची कितीतरी वर्षं तेच मुलांच्या दप्तरात असतं आणि आमच्यासारख्या शाळांत तर मोठ्या भावंडाचं पुस्तक धाकट्याकडे येतं. म्हणून जे सांगायचं ते छपाईच्या आधी सांगावं, असं वाटलं. मागणी एकच आहे. नव्या पुस्तकांत संकल्पनाचित्रं आयती छापू नका, आणि जिथं छापाल तिथं त्यातल्या रेघा मुक्या ठेवू नका.

'संकल्पनाचित्र' हा शब्द आमच्या मुलांना ठाऊक आहे तो तुमच्याच पुस्तकांमुळे. इतिहासाच्या स्वाध्यायात 'संकल्पनाचित्र पूर्ण करा' असतं, भाषेच्या कृतिपत्रिकेत 'आकृतिबंध पूर्ण करा' असतं, 'ओघतक्ता पूर्ण करा' असतं. पाठांतराच्या प्रश्नोत्तरांतून मुलांना बाहेर काढायचं, हा त्यामागचा हेतू चांगलाच होता आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण वर्गात त्याचं काय होतं ते पाहा. मधोमध एक चौकट. तिच्यातून चार बाण निघालेले. चार रिकाम्या चौकटी. मूल उताऱ्यावरून बोट फिरवतं, चार शब्द उचलतं, चौकटींत ठेवतं. उत्तर बरोबर येतं, गुण मिळतात. 'उष्णतेचे संक्रमण' या चौकटीतून तीन बाण काढले की माझ्या वर्गातली जवळजवळ सगळी मुलं वहन, अभिसरण, प्रारण असं न चुकता लिहितात. मग विचारावं, चुलीवरच्या पातेल्याचं झाकण तापलं ते यातल्या कशानं? वर्ग गप्प. त्या मुलांनी चौकटी भरल्या होत्या. बाणांवर काही लिहायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मीही सांगितलं नव्हतं. सातवीला उष्णता शिकवताना मी घरी बसून एक मोठा संकल्पना नकाशा तयार केला होता. दुसऱ्या दिवशी तासभर आधी शाळेत जाऊन तो रंगीत खडूनं फळ्यावर काढला. उष्णता लाल, तापमान पिवळं, संक्रमणाचे प्रकार हिरवे. रेघांवर शब्दही नीट लिहिले होते. मुलांनी तो वहीत उतरवून घेतला, कुणी स्केचपेननं रंगवलाही. आठ दिवसांनी मी विचारलं, 'अभिसरण' आणि 'पाणी' यांच्यामधल्या रेघेवर काय होतं? एका मुलीनं हात वर केला. म्हणाली, "बाई, ती रेघ हिरवी होती." तिनं खोटं सांगितलं नव्हतं. रेघ हिरवीच होती. विचार मी घरी केला होता, रात्री, एकटीनं. मुलांच्या वाट्याला त्याचा रंग आला.

त्यानंतर मी पद्धत बदलली. लग्नसराईत घरोघरी पत्रिका साठतात, त्या मी मागवून घेते. त्यांचा कागद जाड असतो आणि मागची बाजू कोरी. त्याच्या बोटभर पट्ट्या कापते आणि एका पट्टीवर एक शब्द लिहिते. एका गटाला दहा शब्दांच्या पट्ट्या आणि दोन कोऱ्या. चौघाचौघांचे गट, शहाबादी फरशी, एकेक खडू. वर फळ्यावर एक प्रश्न. प्रश्नाशिवाय नकाशा सुरू करायचा नाही, कारण प्रश्न नसेल तर मुलं शब्द नुसते मांडून ठेवतात. उष्णतेच्या धड्याचा प्रश्न होता: चहाचं पातेलं उतरवायला फडकं का लागतं? पट्ट्या मांडायच्या, खडूनं रेघ ओढायची, रेघेला बाण द्यायचा आणि रेघेवर असा शब्द लिहायचा की दोन्ही पट्ट्या धरून मोठ्यानं वाचल्यावर पुरं वाक्य झालं पाहिजे. वाक्य झालं नाही तर रेघ पुसायची.

पहिल्याच वेळी एका गटानं कोऱ्या पट्टीवर 'पपई' लिहिलं आणि ती 'उष्णते'शी जोडली. रेघ वाचली: पपईत उष्णता असते. बाकीचा वर्ग हसला. ज्या मुलीनं पट्टी लिहिली होती ती मात्र ठाम होती. "बाई, माझ्या मावशीला पपई खाऊ देत न्हाईत. उष्ण असती म्हणून."

तो तास मला अजून लख्ख आठवतो. चूक म्हणून रेघ पुसणं सोपं होतं. पण ती काढताना मुलीनं काही मनचं सांगितलं नव्हतं. तिच्या घरात जे बोललं जातं ते तिनं विज्ञानाच्या शब्दाला प्रामाणिकपणे जोडलं होतं. मी म्हटलं, रेघ राहू दे, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी तिनंच पपई आणली. फोडीत तापमापी खुपसली. पारा खोलीतल्या हवेपाशी होता तिथंच जवळजवळ थांबला. मग एका मुलानं स्टीलचा पेला गालाला लावून पाहिला, लाकडी पट्टी लावून पाहिली आणि विचारलं, रात्रभर दोन्ही एकाच खोलीत होते, मग पेला गार का लागतो? वहन शिकवायला याहून चांगला दरवाजा मला आजवर मिळालेला नाही, आणि तो मी उघडलेला नव्हता.

गोष्ट तिथं संपली नाही. एक मुलगा पुस्तक घेऊन आला. अन्नातून ऊर्जा मिळते, ती कॅलरीत मोजतात, आणि कॅलरी हे तर उष्णतेचं एकक. "मग पपईत उष्णता हाय का न्हाई, नक्की सांगा." खरं सांगायचं तर मला एक रात्र विचार करावा लागला. शेवटी आम्ही त्या एका रेघेच्या तीन रेघा केल्या. पपईच्या फोडीचं तापमान खोलीइतकंच असतं, ही एक. पपई पचल्यावर शरीराला ऊर्जा मिळते आणि ती उष्णतेच्या एककात मोजता येते, ही दुसरी. घरी पपईला उष्ण म्हणतात तेव्हा ते खाल्ल्यानंतर अंगावर होणाऱ्या परिणामाबद्दल बोलत असतात, तापमापीबद्दल नाही, ही तिसरी. घरची रेघ पुसायची गरज पडली नाही. तिला तिची वेगळी चौकट मिळाली आणि मुलांना कळलं की एकच शब्द घरात एक काम करतो, प्रयोगशाळेत दुसरं. मराठी माध्यमातल्या मुलाला ही गोष्ट फार लवकर कळायला हवी. आपले विज्ञानाचे कितीतरी शब्द घरातून उचललेले आहेत: हवा, वजन, शक्ती, काम, उष्णता. 'आज हवा चांगली आहे' म्हणणाऱ्या घरातून आलेलं मूल हवेला वजन असतं हे वाचतं, तेव्हा त्याच्या डोक्यात काय काय एकमेकांवर आपटत असेल, ते छापील चौकटीतून आपल्याला कधीच दिसणार नाही.

हे दिसावं म्हणूनच संकल्पना नकाशाचं तंत्र जन्माला आलं आहे. १९७२ च्या सुमारास अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांचे सहकारी लहान मुलांच्या विज्ञानाच्या समजुतीचा मागोवा घेत होते. पहिली-दुसरीतल्या मुलांना ध्वनिफितींवरच्या धड्यांतून पदार्थाचे कण, ऊर्जा अशा गोष्टी शिकवायच्या आणि पुढं त्याच मुलांच्या मुलाखती घेत राहायचं, असं ते काम बारा वर्षं चाललं. मुलाखतींच्या कागदांचा ढीग झाला. मुलाची समज मागच्या वेळेपेक्षा कुठं सरकली ते पानांच्या त्या ढिगातून हाती लागेना. तेव्हा त्यांनी मुलाच्या बोलण्यातल्या संकल्पना चौकटीत लिहायला आणि मुलानं त्यांच्यात जो संबंध सांगितला तो रेघेवर लिहायला सुरुवात केली. म्हणजे हा नकाशा आधी मुलाचं ऐकून घेण्याचं साधन होता. शिकवण्याचं साधन तो नंतर झाला. त्यामागं डेव्हिड ऑसुबेल या मानसशास्त्रज्ञाचा आग्रह होता: मुलाला आधीपासून काय ठाऊक आहे ते शोधा आणि तिथून शिकवायला लागा. १९८४ साली नोव्हाक आणि बॉब गोविन यांचं पुस्तक आलं आणि ही पद्धत जगभरच्या वर्गांत पोचली.

इथं एक घोटाळा दूर करायला हवा, कारण प्रशिक्षणांत आणि बाजारातल्या मार्गदर्शकांत तो सर्रास दिसतो. टोनी बुझान यांनी १९७० च्या दशकात लोकप्रिय केलेला माइंड मॅप आणि हा संकल्पना नकाशा एकच नव्हेत. माइंड मॅपमध्ये मधे एक विषय असतो आणि त्याला फांद्या फुटतात. टिपणं काढायला, भाषणाची तयारी करायला तो छान आहे. पण त्यातली फांदी कशी जोडली आहे ते सांगायची सक्ती नसते. संकल्पना नकाशात जीव रेघेतच असतो. नोव्हाक आणि गोविन यांनी सुचवलेली गुण देण्याची रीत पाहिली तरी हे कळतं. रेघेवरच्या प्रत्येक बरोबर वाक्याला एक गुण, उतरंडीच्या प्रत्येक बरोबर पायरीला पाच, उदाहरणाला एक. आणि नकाशाच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाणारी अर्थपूर्ण आडवी रेघ कुणी काढली तर तिला दहा. आपल्या छापील संकल्पनाचित्रात ही आडवी रेघ काढायला जागाच ठेवलेली नसते.

आता जरा मराठीबद्दल. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, फरशीवर बसून कळलेलं आहे. इंग्रजी नकाशात दोन चौकटींच्या मधोमध क्रियापद बसतं आणि वाक्य डावीकडून उजवीकडे सरळ वाचता येतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि संबंध तर शब्दाच्या शेपटीला चिकटलेला असतो. 'वनस्पती' आणि 'प्रकाश' यांच्यामधे मुलांनी नुसतं 'लागतो' लिहिलं की कुणाला काय लागतं ते कळत नाही. सुरुवातीला आमच्या रेघा त्यामुळेच अडायच्या. मग मुलांनीच तोड काढली. रेघेच्या सुरुवातीला प्रत्यय लिहायचा, बाणाच्या टोकापुढं क्रियापद. वनस्पती, मग '-ला', मग प्रकाश, मग 'लागतो'. वाचताना वनस्पतीला प्रकाश लागतो. दिसायला हे जरा विचित्र दिसतं, पण वाचायला अस्सल मराठी होतं.

आणि त्यातून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मराठीत विज्ञानाची अर्धी समज प्रत्ययात असते. 'झाड' आणि 'ऑक्सिजन' या दोन पट्ट्यांमधे तीन गटांनी तीन रेघा काढल्या. झाडातून ऑक्सिजन बाहेर पडतो. झाडामुळे ऑक्सिजन तयार होतो. झाडाला ऑक्सिजन लागतो. पहिल्या दोन रेघांवर कुणाचं भांडण नव्हतं. तिसरीवर वर्ग उठून उभा राहिला. झाड ऑक्सिजन सोडतं, मग त्याला तो लागेल कसा? एकजण म्हणाला, रात्री लागत असेल. दुसरी म्हणाली, म्हणजे दिवसा झाड श्वास रोखून धरतं का? अर्धा तास गेला. झाडाचं श्वसन दिवसरात्र चालू असतं आणि दिवसा प्रकाशसंश्लेषणातून त्यापेक्षा जास्त ऑक्सिजन बाहेर पडतो, हे मी शेवटी सांगितलं. पण तोवर त्या माहितीची वाट पाहणारा वर्ग तयार झाला होता. हे सगळं '-तून', '-मुळे' आणि '-ला' यांनी घडवलं. मधली रेघ कोरी असती तर तिन्ही गटांचं उत्तर एकच दिसलं असतं: झाड, बाण, ऑक्सिजन.

आपल्या मुंबईतल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या संशोधकांनी रेघेवरच्या या जोडशब्दांवरच काम केलं आहे. मुलं आणि शिक्षक रेघेवर काहीही सैलपणे लिहितात, त्याऐवजी 'चा भाग आहे', 'चा प्रकार आहे' असे मोजके, नेमक्या अर्थाचे संबंध वापरले तर नकाशा किती काटेकोर होतो, हे त्यांनी दाखवलं. माझा अनुभव असा की लहान वर्गांत आधी सैल रेघ चालू द्यावी, ती भांडणातून घट्ट होत जाते, आणि नववी-दहावीला हा काटेकोरपणा आणावा. मराठीसाठी अशा जोडशब्दांची एखादी यादी तुमच्या समितीनं भाषेच्या समितीला बरोबर घेऊन तयार केली तर ते मोठं काम होईल. विभक्ती शिकवताना कंटाळणाऱ्या मुलांना तिचा असा उपयोग दिसला, तर व्याकरणाच्या बाईही तुम्हाला दुवा देतील.

आमच्या भागाबद्दल एक सांगते. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला आमच्या माणदेशात पाचशेच्या आसपास. त्यामुळे जलचक्राचा धडा आमच्या मुलांना गोल बाणांच्या चित्रातून शिकवणं म्हणजे त्यांच्या घरची गोष्ट त्यांना परक्यासारखी सांगणं आहे. मी प्रश्न ठेवला: मे महिन्यात आपल्या गावचं पाणी कुठं जातं? पट्ट्या दिल्या बाष्पीभवन, भूजल, पाऊस, विहीर, ओढा, खडक आणि अशाच काही. कोऱ्या पट्ट्यांवर मुलांनी लिहिलं टँकर, बोअर, ऊस, मुरूम, फट, पाणाड्या.

'फट' या पट्टीनं माझे डोळे उघडले. पुस्तकात भूजल म्हणजे खडकाखालचा एक निळा थर असतो. बरीच मुलं त्याला जमिनीखालचं तळं समजतात, काही जमिनीखालची नदी. पण बोअरच्या गाड्या गावात आल्यावर रात्र रात्र उभं राहून बघणाऱ्या मुलांना ठाऊक असतं की आधी माती येते, मग मुरूम, मग काळा पाषाण, आणि पाषाणात फट लागली तरच पाणी. बेसाल्ट खडकाचं सगळं भूजलशास्त्र त्या एका शब्दात आहे. अखंड बेसाल्टमधे पाणी मुरत नाही. ते झिजलेल्या थरात आणि भेगांत साठतं, म्हणून एका शेतात पाणी लागतं आणि बांधापलीकडे बोअर कोरडी जाते. मुलांनी रेघ ओढली: फटीत भूजल साठतं. मग एकीनं आडवी रेघ टाकली, 'बोअर'पासून थेट 'विहिरी'कडे: खोल बोअरमुळे शेजारची विहीर आटते. ती रेघ टाकताना वर्गातल्या दोन मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्या घरांचं त्याच कारणावरून बोलणं बंद होतं. वर्गात त्यावर पुढं कुणी बोललं नाही, मीही नाही. रेघ मात्र राहिली.

आणि पाणाड्या, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याची जागा दाखवणारा माणूस. त्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहिला की तिथं बोअर मारायची, हे सगळ्यांनी पाहिलेलं. त्याला कशाशी जोडायचं? आम्ही ठरवलं की ज्या रेघेबद्दल खात्री नाही तिच्यावर प्रश्नचिन्ह काढायचं आणि ती तशीच ठेवायची. पाणाड्याला भूजल कळतं, पुढं प्रश्नचिन्ह. मुलांनी दिवाळीच्या सुट्टीत आपापल्या आळीतल्या बोअरची यादी केली: कुणी जागा दाखवली, पाणी लागलं की नाही, किती दिवस टिकलं. याद्या अर्ध्यामुर्ध्या होत्या, कुणी नीट सांगत नव्हतं, कोरडी गेलेली बोअर लोक लवकर विसरतात. हे शेवटचं वाक्य माझं नाही, आठवीतल्या एका मुलाचं आहे. पुरावा गोळा करताना यश आठवतं आणि अपयश गळतं, हे मी त्याला शिकवलं नव्हतं. प्रश्नचिन्ह अजून तसंच आहे.

मी या पद्धतीच्या प्रेमात पडले आहे म्हणून तिच्या उण्या बाजू लपवणार नाही. २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात पर्ड्यू विद्यापीठाचे जेफ्री कार्पिक आणि जेनेल ब्लंट यांचा अभ्यास आला. एका गटानं मजकूर समोर ठेवून संकल्पना नकाशा काढला. दुसऱ्यानं मजकूर वाचला, मिटला आणि आठवेल ते लिहून काढलं, पुन्हा वाचलं, पुन्हा आठवलं. आठवड्यानंतरच्या परीक्षेत आठवून लिहिणारा गट स्पष्टपणे पुढं होता. तो अभ्यास वाचून मी काही दिवस खट्टू होते. मग तो पुन्हा वाचला तेव्हा लक्षात आलं की त्यातली मुलं पुस्तक उघडं ठेवून नकाशा काढत होती. माझ्या जुन्या रंगीत फळ्यासारखंच ते थोडंफार उतरवून घेणं होतं. त्याच दोघांनी २०१४ साली पुढचा अभ्यास केला, त्यात पुस्तक मिटून आठवणीतून नकाशा काढला तर तो आठवून लिहिण्याइतकाच उपयोगी ठरला. तेव्हापासून आमच्या वर्गात नियम आहे: पुस्तकं दप्तरात, दप्तरं भिंतीला. नकाशा झाला की मगच पुस्तक उघडायचं आणि वेगळ्या रंगाच्या खडूनं दुरुस्त्या करायच्या.

दुसरा पुरावा तर थेट माझ्या मागणीलाच लागू होतो. २०१८ साली अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले गेले, त्यांत मिळून अकरा हजारांहून जास्त विद्यार्थी होते. दुसऱ्याचा तयार नकाशा अभ्यासूनही फायदा होतो, हे त्यात दिसलं. पण स्वतः नकाशा काढण्याचा फायदा त्याहून बराच जास्त होता. पुस्तकात आयता नकाशा छापून आपण मुलाला यातला छोटा हिस्सा देतो आणि मोठा स्वतःकडे ठेवतो. नकाशा काढताना जे शिकायला मिळतं ते लेखकाला मिळतं, चित्रकाराला मिळतं. वर्गाला मिळत नाही.

तुम्ही म्हणाल, साठ मुलांच्या वर्गात, पस्तीस मिनिटांच्या तासिकेत हे व्हायचं कसं? खरं आहे. मी दर धड्याला नकाशा करत नाही. वर्षाला तीन विषय निवडते, जिथं मुलांच्या घरातला अर्थ आणि पुस्तकातला अर्थ एकमेकांना धडकतात तेच. प्रत्येकाचे दोन नकाशे, धड्याच्या आधी एक आणि नंतर एक. एकूण सहा तासिका, आणि जोडतासिका मिळाली तर उत्तम. जागा नसेल तर व्हरांडा असतोच. या सहा तासिकांमुळे पुढचे कितीतरी तास वाचतात, कारण मुलं कुठं अडली आहेत ते मला आधीच कळलेलं असतं. पण पुस्तकात धडेच इतके भरगच्च असतील की या सहा तासिका काढणं म्हणजे अभ्यासक्रम बुडवणं ठरेल, तर कुठलाही शिक्षक हे करणार नाही. म्हणून पुस्तकात अशा नकाशासाठी तुमच्याकडे दोन पानं मागते आहे, आणि त्या पानांसाठी दुसरं काहीतरी कमी करा असंही म्हणते आहे.

त्या पानांवर छापायचं ते फार नाही. एक प्रश्न, जो मुलाच्या अंगणातला असेल. दहा शब्द, यादी म्हणून, चौकटींत नव्हे. खाली कोरी जागा आणि एक सूचना: पुस्तक मिटा, दोन शब्द तुमचे घाला, प्रत्येक रेघ मोठ्यानं वाचा. शिक्षक हस्तपुस्तिकेत मात्र मला भरपूर हवं आहे. तिथंही नमुना उत्तर म्हणून एक देखणा नकाशा नको, तो दुसऱ्याच दिवशी फळ्यावर उतरेल, मला माहीत आहे. तिथं छापा मुलांनी खरोखर काढलेल्या रेघा. पपईत उष्णता असते. झाडं फक्त रात्री श्वास घेतात. ढगात पाण्याची वाफ भरलेली असते. प्रत्येक रेघेखाली चार ओळी, की असं मुलाला का वाटत असेल आणि पुढं कुठला प्रश्न विचारता येईल. असं पुस्तक मला बावीस वर्षांपूर्वी मिळालं असतं तर किती बरं झालं असतं! राज्यभरातले शिक्षक अशा रेघा आनंदानं पाठवतील, मी तर वह्या भरून पाठवीन.

गुणांबद्दल कळकळीनं सांगते. वर मी नोव्हाक-गोविन यांची एक, पाच आणि दहा गुणांची रीत सांगितली, पण ती बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेत आणावी म्हणून नव्हे. ज्या दिवशी नकाशाला गुण येतील त्या दिवशी बाजारात पाठ करायचे नकाशे येतील. तो आकारिक मूल्यमापनापुरता राहू द्या, शिक्षकानं बघायचा आणि त्यावरून उद्याचा तास ठरवायचा. त्याचे फोटो काढून कुठं अपलोड करायची सक्ती नको, त्याची फाइल नको. २०१५ नंतर ज्ञानरचनावादाची लाट आली तेव्हा सातारा जिल्ह्यातल्याच कुमठे बीटच्या शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक येत होते. तिथल्या शिक्षकांनी मुलांबरोबर मेहनतीनं जे उभं केलं होतं ते खरं होतं. पण नंतर अनेक ठिकाणी फक्त फरश्या रंगल्या. ऑइलपेंटनं काढलेली ती चक्रं आणि आकृत्या अजून तशाच आहेत, मुलं त्यांच्यावरून चालत जातात. आमची फरशी रोज संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसली जाते. दुसऱ्या दिवशी तिथं कुणीतरी नवी रेघ ओढतं.

या पत्राची एक प्रत मी टपालानं पाठवते आहे. सोबत एक पाकीट आहे. पुढच्या बैठकीत चहाच्या आधी ते उघडावं, अशी विनंती. पत्रिकांच्या कागदाच्या बारा पट्ट्या आहेत. वजन, वस्तुमान, गुरुत्व, चंद्र, तराजू, काटा, किलो, न्यूटन, पिसं, लोखंड या दहा. प्रश्न असा: बाजारात आपण किलोनं घेतो ते नेमकं काय? पुस्तक न उघडता दोघादोघांनी करा, रेघा मोठ्यानं वाचा, आणि जिथं तुमच्यात वाद होईल ती रेघ पुसू नका, जशीच्या तशी हस्तपुस्तिकेत घ्या.

राहिलेल्या दोन पट्ट्या कोऱ्या आहेत.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका
तालुका माण, जिल्हा सातारा